मूठ

पहाटे चार चाळीसला चाकं टेकतात लुइव्हिलला.
पोटात एकतीस टन माल : कुणाच्या चपला, कुणाचं इन्सुलिन,
जाळीच्या डबीत मधमाश्यांची एक राणी,
कागदावर तिचं नाव फक्त "जिवंत. नाशवंत."
कॅप्टन मर्ल स्टॅम्पर इंजिनं बंद करतो,
मान मोडतो दोन्ही बाजूंना,
"आज जायचं ना मग दुकानात?"

महिनाभर आमच्या कॉकपिटात चारच विषय :
त्याचे गुडघे, त्याची पेन्शन, टोमॅटोवरची अळी,
आणि माझ्यासाठी बंदूक.
सदतीस हजार फुटांवर, खाली इंडियानाचे विरळ दिवे,
तो एकेक समजावून सांगतो
जशी आमची तारामावशी स्थळं सांगायची :
ही नाकीडोळी नीटस, पण तापट.
ती जरा अंगानं जड, पण घर धरून राहील.
तिसरीच्या घराण्याचं नावच पुरे.
मी हसतो. हसताना एक डोळा इंधनाच्या आकड्यावर.

कारण एवढंच, की मार्चात
कुणीतरी आमच्या मागच्या दाराची मूठ फिरवून पाहिली.
दोनदा.
मी तेव्हा अलास्कावर होतो, पाठीमागून वारा, सगळं आलबेल.
वैदेहीनं सांगितलं अकरा दिवसांनी,
भेंडी चिरता चिरता, वर न बघता.

दुकान शेफर्ड्सव्हिलमध्ये. काउंटीचं नाव बुलिट
(स्पेलिंग वेगळं आहे, असं जो तो आधीच सांगून टाकतो).
डार्लीनबाईंच्या गळ्यात साखळीचा चष्मा,
काउंटरवर लिंबाच्या गोळ्यांची बरणी.
त्या मागच्या भिंतीकडे वळतच नाहीत. आधी विचारतात,
"घर कशाचं?"
लाकडाचं. आतून जिप्समचे तक्ते.
"मूल कुठं झोपतं?"
पावतीच्या पाठीवर त्या आमचं घर काढतात,
जिना, न्हाणी, रेवाची खोली,
आणि पट्टी न लावता एक सरळ रेघ.
"पहिली भिंत गोळीला दिसतही नाही.
दुसरी दिसते. पण ती थांबत नाही."

असल्या रेघांवरूनच मी रोज उतरतो.
दोनशे फुटांवर धावपट्टी दिसली नाही
तर हात आपोआप पुढे जातो, नाक वर, चाकं आत.
त्याला कुणी पळपुटेपणा म्हणत नाही.

मर्ल खोकतो. त्याच्या पलंगाखाली
वडिलांची दुनळी आहे, तीस वर्षं.
एकदाच उडाली, रॅकूनवर. नेम चुकला.
छपराचं ठिगळ अजून दाखवतो हौसेनं.

मी हातात घेतलीच एक. खोटं कशाला बोलू.
मूठ तळव्यात अशी बसली
जशी थ्रॉटलचीही बसली नव्हती पहिल्या दिवशी.
आवडली.
त्याचंच भय वाटलं.
"गुरुवारी सांगतो," म्हणालो.
बाईंनी एक लिंबाची गोळी दिली, लहान मुलाला द्यावी तशी.

घरी येऊन टेप लावली :
आमच्या उशीपासून रेवाच्या उशीपर्यंत
एकोणीस फूट चार इंच. मध्ये दोन भिंती.
वैदेही दारात, हातात गार झालेली कॉफी.
"काय मोजतोयस?"
"गालिचा घ्यावा म्हणतो."
ती काही बोलली नाही.
खाली बसून तिनं टेपचं दुसरं टोक धरलं.

आज बुधवार. ढगांच्या वर.
मर्ल विचारतो, "मग?"
डाव्या पंखाखालून आमचं गाव सरकतं,
सहा सेकंद, फार तर सात.
एवढ्यात मागच्या दाराचा दिवा कुठला, ओळखू येत नाही.
मी इंधन बघतो.
म्हणतो, अजून पाऊण तास घिरट्या घालता येतील.